कंट्रोलरची एन्ट्री

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून एक वायर बांधली. त्याच्या मोबाईलच्या चार्जरची. पिनेपाशी ती आतून मोडली होती. वायर एका बाजूला दाबून धरली तरच चार्जिंग व्हायचं, सोडली की बंद. मी घरून काळी चिकटपट्टी नेली. त्याने धरलं, मी गुंडाळलं. गवंड्याचा हात माझा, जरा जास्तच गुंडाळलं.

"मिस्त्री, वायर हाय ती. पान्याची टाकी न्हाई," तो म्हणाला.

"धर गप."

मोबाईलवर हिरवी खूण आली तसा तो खूश झाला. मग वायर लावलेलीच ठेवून त्याने मोबाईल तोंडाशी घेतला आणि नेहमीसारखा त्यात दोनदा फुंकला. फू, फू. नखाने टकटक केलं. "इकडं लक्ष द्या. उद्या सकाळी नवाच्या सुमाराला आपल्या गल्लीचं पानी सुटनार हाय. हंडे आजच घासून ठेवा. धन्यवाद."

माझ्या खिशातला मोबाईल टुणकन वाजला. मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेलो.

"ऐकलं का?"

"कानात वरडतोयस, ऐकीन न्हाई तर काय करीन?"

"मंग अंगठा दे."

"देत न्हाई."

"नको दिऊ. कवातरी देशील."

हे आमचं रोजचं होतं. मी उठलो, चपला घातल्या, घरी आलो. लक्षात ठेवावं असं त्यात काही नव्हतं.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. गल्लीत कोणी घेतही नव्हतं. पाथर्डीच्या एसटी स्टँडवर तो कंट्रोलर होता. गाडी आली की कंडक्टर त्याच्या खिडकीशी जाऊन एन्ट्री करायचा, म्हणजे गाडी आली ही नोंद. मग हा भोंग्यावरून सांगायचा, अमुक गाडी अमुक फलाटावर लागली आहे. तुम्ही कधी त्या स्टँडवर उभे राहिला असाल तर त्याचा आवाज तुमच्याही कानावरून गेला असेल. रिटायर झाला, भोंगा सुटला, पण फुंकायची सवय सुटली नाही. मी एकदा विचारलं, मोबाईलात धूळ असते का? म्हणाला, "फुंकलं की आपल्यालाच कळतं, आता नीट बोलायचं हाय."

बायको पुण्याला लेकाकडे, नातू सांभाळायला. कोणी विचारलं तर म्हणायचा, "ती डेप्युटेशनवर हाय." लेक त्यालाही बोलवायचा. हा जायचा नाही. गेलाच तर चौथ्या दिवशी परत. तिथे म्हणे लिफ्टमध्येसुद्धा कोणी कोणाशी बोलत नाही, गाडी रिकामी चालल्यासारखं वाटतं.

आमची गल्ली स्टँडच्या मागची. अर्ध्या भिंती माझ्या हातच्या. दिवाळीआधी निम्म्या घरांना कुलपं लागतात, माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यातच परत. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शेरडं. तिकडे फडात लेकरांचा जीव लागत नाही, इकडे म्हाताऱ्यांचा लागत नाही. फोन करायचा तर एकाला टाईम नसतो, दुसऱ्याला ऐकू येत नाही.

यानेच मोबाईलवर गल्लीचा ग्रुप काढला. स्टँडला फलाट सहा, म्हणून ग्रुपला नाव दिलं फलाट नंबर सात. लिहून काही पाठवायचं नाही, बोलून पाठवायचं, हा पहिला नियम. "ज्याला वाचता येतं त्याला ऐकूबी येतं. ज्याला येत न्हाई त्याला निदान ऐकू तरी येतं." सकाळी गुलाबाची फुलं पाठवणाऱ्यांना तो सांगायचा, फलाटावर सामान ठेवू नका. निवडणुकीचं काही पाठवलं की त्या माणसाला दोन दिवस ग्रुपमधून काढायचा. त्याला तो "खाली उतरवला" म्हणायचा. तिसऱ्या दिवशी परत चढवायचा.

सुरुवातीलाच घोळ झाला. टँकर येणार होता. याने फुंकून सांगितलं, "इकडं लक्ष द्या. पान्याचा टँकर फलाट नंबर सातवर लागत आहे." शेजारची गयाबाई आणि तिची जाऊ डोक्यावर हंडे घेऊन सरळ स्टँडवर गेल्या. सहाव्या फलाटाच्या पुढे सातवा शोधत राहिल्या. तिथे मुतारी. इकडे टँकर गल्लीत येऊन रिकामा होऊन गेला. परत आल्यावर गयाबाई त्याच्या दारात हंडा आपटून उभी राहिली.

"कंट्रोलर, तुमी रिटायर झाला का न्हाई? झाला असला तर तसं सांगा भोंग्यावर!"

त्याने आपल्या घरातलं पाणी तिच्या हंड्यात ओतलं. तेव्हापासून तो "आपल्या गल्लीत" म्हणू लागला. फलाट हे नाव मात्र बदललं नाही.

मी त्या ग्रुपात नव्हतो. माझी बायको होती, सुलोचना. राहुरीला दिलेल्या लेकीने तिला मोबाईल घेऊन दिला होता. ती ओट्यावर बसून ऐकायची आणि मला आत ओरडून सांगायची. नर्स कधी येणार, रेशनला काय आलं, गयाबाईची शेळी कोणाच्या घरात शिरली. मी म्हणायचो, तुमच्या मोबाईलच्या आधी काय शेळ्या सापडत नव्हत्या? ती म्हणायची, सापडायच्या, पण संध्याकाळी.

ती गेली. त्या सकाळी दवाखान्याच्या दारात तो माझ्याबरोबर होता. मला काही सुचत नव्हतं. मी म्हणालो, "सांग ग्रुपवर." त्याने मोबाईल काढला आणि परत खिशात घातला.

"आदी लेकीला फोन कर. ती ग्रुपवर हाय. ग्रुपवर ऐकंल तर तुला जल्मभर माफ करायची न्हाई."

मी लेकीला फोन केला. मग त्याने फुंकलं.

दुपारपर्यंत सुलोचनाच्या मोबाईलवर त्याच्या त्या बोलण्याखाली पिवळे अंगठे दिसायला लागले. ज्याने त्याने अंगठा वर केलेला. सगळ्यात वर नाव कोपऱ्यावरच्या शिंप्याचं. माझी बायको मेली आणि हा अंगठा दाखवतो! मी दुकानात जाऊन त्याची कॉलर धरली. तो बिचारा गळ्यात टेप अडकवून उभा, काय झालं ते त्याला कळेना. कंट्रोलर मागून पळत आला.

"आरं सोड त्याला! तो अंगठा शाबासकीचा न्हाई. पोचलं म्हनून सही हाय ती. कंडक्टर तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल घेतल्यावर सही करतो का न्हाई? तसं."

"सही हाय तर सही करा. अंगठा कशाला?"

"मोबाईलात सही नसती."

"मंग मोबाईल कशाला?"

शिंप्याने मला पाणी दिलं. मी ते प्यालो.

अंगठ्याचा मला राग का, ते सांगतो. माझा बाप अंगठा द्यायचा. मी दुसरीत शाळा सोडली आणि लग्नानंतरही पगाराच्या कागदावर अंगठाच देत होतो. सुलोचना चौथी पास. घराच्या मागच्या भिंतीला मी गिलावा करत होतो. तो ओला असताना तिने माझ्या हातात खिळा दिला, वरून माझा हात धरला आणि माझ्याकडून माझं नाव लिहून घेतलं. वाळल्यावर ते तसंच राहिलं. अजून आहे. पुढे रंग दिला तेव्हा तेवढी जागा तिने देऊ दिली नाही. त्या दिवसापासून मी कुठेही अंगठा दिला नाही. बँकेत शाई पुढे करणाऱ्या माणसाला मी दोन शब्द सुनावलेले आहेत. आणि आता म्हातारपणी हा म्हणणार, अंगठा दे.

सुलोचना गेली त्याच थंडीत गल्लीच्या टोकाचा एक म्हातारा घरात मरून पडला. लेक-सून फडात. दार बंद दिसलं ते सगळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. वाटलं लेकीकडे गेला असेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. त्यानंतर कंट्रोलर आठवडाभर ग्रुपवर बोलला नाही. मग एकदा माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"एका गाडीची एन्ट्री झाली न्हाई तर आमी शेवगावला, नगरला फोन लावून इचारायचो, आमची गाडी कुटं हाय. गाडीची एवढी चौकशी. आन मानूस दोन दिवस आत पडलेला, त्याचं दार मी बघून गेलो. तीनदा."

मी चारदा गेलो होतो.

त्याने मग एन्ट्री सुरू केली. रोज सकाळी सातला तो फुंकून म्हणायचा, "इकडं लक्ष द्या. एन्ट्री करा." गल्लीत जे एकटे राहतात त्यांनी सव्वासातपर्यंत अंगठा द्यायचा. नाही दिला की हा दारात. फडात गेलेली लेकरंही ग्रुपवर होती. मोळी बांधता बांधता बघायची, आईचा अंगठा आला का. आला की कामाला लागायची.

आम्ही एकटे सहा जण होतो, त्याला सोडून. पाच जण अंगठा द्यायचे. मी नाही. सुलोचनाचा मोबाईल कपाटात बंद पडला होता. सव्वासातला दारावर त्याच्या छत्रीची मूठ वाजायची.

"परवासी आत हायत का?"

"जिता हाय. जा."

"ग्रुपवर सांग."

"तुला सांगितलं ना? तूच सांग."

"मी तुझा कंडक्टर न्हाई."

असे पंधरा दिवस गेले. एक दिवस मी आतून बोललोच नाही. मला बघायचं होतं तो काय करतो. त्याने दाराला खांदा लावला. कडी निघाली, तो आत येऊन पडला, गुडघा फुटला. मी बाजेवर बसून विडी ओढत होतो. तो जमिनीवर बसूनच माझ्याकडे बघत राहिला. एक शिवीही दिली नाही. तिथेच मी हरलो. दुपारी कडी नीट केली, आणि त्याने कपाटातला मोबाईल काढून चार्जिंगला लावला.

"नाव सुलोचनावहिनींचं दिसतंय. बदलून तुझं टाकू का? फोटोबी."

"हात लावू नको."

"बरं."

अंगठा देणार नाही, हे मी परत सांगितलं. तो म्हणाला, मग बोल. इथे दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. दुसऱ्या दिवशी सातला मी दाबून धरलं आणि म्हणालो, "मेलो न्हाई." सोडलं.

घटकाभरात गयाबाई दारात. तिला वाचता येत नाही, ती फोटो बघून माणूस ओळखते. मोबाईल वाजला, बघते तर सुलोचना पदर घेऊन हसतेय, आणि दाबलं तर आतून घोगरा आवाज, मेलो न्हाई. बाईच्या हातातला चहा सांडला होता.

"मिस्त्री, मुडदा बशीवला तुमचा! तिच्या फोटोतून असं बोलत्यात व्हय?"

म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागली. सुलोचना गेली त्या दिवशी ती एवढी रडली नव्हती. मी तिला परत चहा करून दिला. तिने पिऊन सांगितलं, साखर लई झाली.

नंतर सगळ्यांना सवय झाली. माझी एन्ट्री तीच. सुलोचनाच्या नावावर रोज सकाळी, मेलो न्हाई. लेक राहुरीहून ऐकायची. एकदा मी खोकलो तर दुपारच्या एसटीने हजर. फडातली पोरं म्हणे तिकडे सकाळी एकमेकांना तसंच म्हणायला लागली.

कंट्रोलर मला चिडवायचा. "तू जल्मभर भिती बांधल्या, आन मी त्यातनं आवाज पाठवतो. कुनाचं काम पक्कं?" मी म्हणायचो, माझ्या भिंतीला चार्जिंग लागत नाही.

मी एकदा त्याला विचारलं होतं, "तू आमची सगळ्यांची एन्ट्री घेतो. तुझी कोन घेतं?"

"कंट्रोलरची एन्ट्री नसती, मिस्त्री. मी बोललो म्हंजे मी हाय."

हे त्याने मला सांगितलेलं होतं. दुसऱ्या कोणाला सांगितलं होतं का ते ठाऊक नाही. मला सांगितलेलं होतं.

वायर बांधली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, तोंड धुतलं, मोबाईल घेऊन ओट्यावर बसलो. सात वाजले. तो बोलला नाही. मी मोबाईल पालथा करून परत सरळ केला. भिंतीपलीकडून गयाबाई म्हणाली, "आज कंट्रोलर बोलला न्हाई?"

"वायर तुटली आसंल परत. काल आमीच बांधली."

"मंग बगा की जाऊन."

"चा घेतो आन जातो."

मी चहा केला. बसून प्यालो. वर मनात त्याच्यावर हसलोही, की टाकीसारखी गुंडाळली असती तर टिकली असती. आठच्या सुमाराला चिकटपट्टी खिशात टाकून निघालो. दार नुसतं लोटलेलं होतं. मी बाहेरूनच ओरडलो, "परवासी आत हाय का?"

तो बाजेवर कुशीवर होता. हात लावला आणि कळलं. उशाशी मोबाईल, त्याला वायर लावलेली. मोबाईल पूर्ण भरलेला होता. आमची पट्टी जशीच्या तशी होती.

त्याच्या भिंतीवर कोळशाने नंबर लिहिलेले होते. आमच्या सगळ्यांच्या लेकरांचे, मोठ्या आकड्यांत. सगळ्यात खाली पुण्याचा, त्याच्या लेकाचा. मी एक एक आकडा बघून दाबला. ग्रुपवर त्याची बायकोही होती. गल्लीच्या आधी पुण्याला सांगायला पाहिजे, एवढं मला त्यानेच शिकवलं होतं. लेकाला सांगितलं, आईला तूच सांग, आणि सांगितल्याशिवाय तिच्या हातात मोबाईल देऊ नको. मग गयाबाईला हाक मारली, शिंप्याला डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर आले. बघून म्हणाले, पहाटेच गेले आहेत, झोपेत. म्हणजे माझ्या चहाने काही बिघडलं नाही. पण चहा मी प्यालो.

लेकाचा परत फोन आला. आईला सांगितलं, निघतोय.

मग मी सुलोचनाचा मोबाईल काढला. दाबून धरलं. दोनदा फुंकलं, ते मुद्दाम नाही, आपोआप झालं. आणि बोललो.

"इकडं लक्ष द्या. कंट्रोलर गेला. पहाटं, झोपेत. पुन्याची मानसं येईस्तोवर थांबायचं हाय."

एवढ्यात त्याच्या अंगणातला नळ खसखसला आणि बादलीत धार पडली. नऊ वाजले होते. गल्लीतल्या बायका डोक्यावर पदर घेऊन दारात जमत होत्या, कोणाच्या हातात हंडा नव्हता. मी बोट सोडलं नव्हतं.

"पानी सुटलंय. आदी हंडे भरा, मंग रडायला या. परत आट दिवस येनार न्हाई. त्याच्या आंघोळीलाबी लागंल. आन जे एकटे हायत त्यांनी एन्ट्री करा, सात कवाच वाजून गेले. मी मेलो न्हाई. धन्यवाद."

बोट सोडलं. बायकांनी माझ्याकडे पाहिलं आणि वळल्या. घराघरातून भांड्यांचा आवाज यायला लागला. थोड्या वेळाने सुलोचनाच्या फोटोखाली अंगठे आले. एकट्यांचे पाचही आले. फडातून आले.

मी त्याच्या बाजेशेजारी बसलो आणि मोबाईलवर बोटाने वर सरकलो. माझ्या बोलण्याच्या वर त्याचं कालचं होतं, हंडे घासून ठेवा म्हणालेलं. त्याखाली सगळ्यांचे अंगठे होते, माझा तेवढा नव्हता. कसा द्यायचा ते त्याने मला दहादा दाखवलं होतं. मी दाबून धरलं, छोटी चित्रं वर आली, त्यातला अंगठा निवडला आणि दिला.